उंची चुकली

बिटको चौकातून जेलरोडला वळलं की
झेरॉक्सच्या तिसऱ्या गाळ्यात मी बसते.
नोव्हेंबरात पेन्शनवाले येतात
हयातीचा दाखला काढायला.
मफलर, प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार,
आणि झिजलेली बोटं, ज्यांचे ठसे
यंत्राला सहसा पटत नाहीत.

गायधनी काकांचं बोट पटलं.
पासवर्ड पटेना.

डायरीत लिहून आणला होता त्यांनी,
स्वच्छ, वळणदार, मराठीत:
सुमित्रा, पुढे लग्नाचं साल.
(पासवर्ड कुणाला सांगू नये,
हे भिंतीवर मीच चिकटवलंय,
म्हणून नाव इथे बदललं आहे.
पुढे येणारी शिडी तेवढी खरी.)

मी टाईप केलं. चूक.
"नाव तर बरोबर आहे ना?"
नाव बरोबर आहे काका, उंची चुकली.
इंग्रजीत प्रत्येक अक्षर दोनदा जन्मतं,
एकदा मोठं, एकदा छोटं,
आणि यंत्र त्यांना भाऊ मानत नाही.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.
तेहतीस वर्षं प्रेसमध्ये, तपासणीत.
केसाएवढी रेघ सरकली
तरी ताव बाजूला काढायचे.
ते कीबोर्डवर वाकले:
"कळीवर छापलंय मोठं, उमटतंय छोटं.
आमच्याकडे हा माल पास झाला नसता."

पहिलं अक्षर मोठं करून पाहिलं.
चूक.
आता एकच संधी,
मग चोवीस तास कुलूप.

"आपल्यात नसतं बुवा असलं."
खरंच. आपली अक्षरं
एका दोरीवर वाळत घातलेली.
देव लिहा की दगड,
द तेवढाच.
कुणी मोठा आला म्हणून
उठून उभं राहत नाही आपलं अक्षर.

पण मला पळशाची शाळा आठवली,
'पानी' लिहिलं म्हणून वहीत पडलेली लाल फुली.
घरी तर सगळे पानीच प्यायचो,
तहान भागायची.
आणि दिन, दीन:
वेलांटी फिरली की दिवस दरिद्री.
काकांना सांगितलं तर हसले,
"म्हणजे बाईंनीही पासवर्डच लावला होता की!"

मग फोन लावला, बडोद्याला, मुलीला.
तिनेच बसवला होता तो,
आई गेल्यानंतरच्या दिवाळीत.
स्पीकरवर आधी कुकरची शिट्टी,
मग ती:
"अहो बाबा, आईची सही आठवा ना."

काका बराच वेळ
माझ्या स्टेपलरकडे बघत राहिले.

पन्नाशीत शिकली होती ती इंग्रजी सही,
बँकेतल्या खात्यासाठी.
बाकी अक्षरं जमली, छोटी छोटी,
शेवटच्या ए चं पोट काही केल्या गोल होईना.
तिने तिथे सरळ मोठा काढला:
दोन पाय, मधे आडवी फळी.
शिडी.
"मी काउंटरवर हसलो होतो, सगळ्यांदेखत.
म्हटलं, हा ताव बाद."

मी शिफ्ट दाबून धरलं,
फक्त त्या एका अक्षराला.
पडद्यावर ठिपके उमटले, सगळे एका मापाचे,
रांगोळीच्या रेषा ओढण्याआधीचे.
एंटर.

पान उघडलं.
काका हयात आहेत, अशी नोंद झाली.
तीस रुपये झाले, सुटे नव्हते,
दहा उद्या देतो म्हणाले.

निघताना डायरी पुन्हा उघडली.
मराठीत मोठा ए कसा लिहायचा?
मला सांगता येईना.
त्यांनीच पेन काढलं,
नावातल्या शेवटच्या कान्याशेजारी
एक तिरका पाय रोवला,
मधे फळी मारली,
चष्मा खाली ओढून
उजेडाकडे धरलं पान,
आणि म्हणाले,
पास.