लेटर म्हणजे कोणत्या वारी

बापू भुसावळ शेडला फायरमन होते.
ड्यूटी सुटली की हेक्टर ड्रायव्हर
फूटप्लेटवरून उतरताना टोपीला एक बोट लावायचा
आणि म्हणायचा, चिअरिओ, सुपडू.
बापूंनी तो शब्द घरी आणला
डब्यातल्या उरलेल्या भाकरीसारखा.
अर्थ विचारला नाही.
गाडी पोचली, बॉयलर फुटला नाही, दोघंही धड आहेत,
एवढ्याला हे लोक चिरीव म्हणतात
असं त्यांनी स्वतःच ठरवलं.

रात्रपाळीला निघताना उंबऱ्यातून म्हणायचे, "चिरीव."
आई चुलीपुढून, न वळता:
"चिरीव-बिरीव काय? येस म्हना आधी."
कारण आई अंमळनेरकडची,
तिच्या अहिराणीत कुणी "जास" म्हणून घराबाहेर पडत नाही.
बापू चपला घातलेल्या पायांनी परत एक पाऊल आत.
"येस."
मग जायचे.

एकदा हेक्टरलाही ते चुकून "येस" म्हणाले.
तो नेमका तेव्हा विचारत होता,
उद्या डबल ड्यूटी करशील का.
सोळा तास कोळसा ओढून आले
आणि न जेवता हसत बसले.

हेक्टर पुढे पर्थला गेला.
पंधरा बंगल्याकडे त्याच्या दाराला कुलूप.
बापूंना म्हणे तो शेवटचा काहीच बोलला नाही,
नुसतं बोट, टोपीला.

आता माझा भावेश हल नावाच्या गावी आहे,
तिथून तो हलायचं नाव घेत नाही.
फोनवर सांगतो:
इथं कुणी टाटा म्हणतं, कुणी टा-रा,
बसमधून उतरणारी पोरं ड्रायव्हरला चीअर्स म्हणतात
हातात पेला नसताना.
पावाच्या दुकानातली म्हातारी "टा-रा, लव्ह" म्हणते,
हे आजीला सांगू नकोस.

पहिल्या आठवड्यात शेजारचा ग्रॅहम
फाटकातून म्हणाला, सी यू लेटर.
भावेशनं दूध जास्तीचं आणलं,
इथून नेलेल्या पिठाच्या कळण्याच्या पुऱ्या तळल्या,
खोलीभर धूर, खिडकी उघडी, बाहेर चार अंश.
दहा वाजेपर्यंत थांबला.
सकाळी फाटकात ग्रॅहम.
कुत्र्याला ओढत, हसून: सी यू लेटर.

हे मात्र आजीला सांगितलं.
ती शहाऐंशी वर्षांची, ऐकू कमी येतं, पण हे सगळं ऐकलं.
"लेटर म्हंजे कोनता वारले?"
भावेश हसला.
ती हसली नाही.
"पुऱ्या कोनी खाध्यात मंग?"
"मीच."
"थंड्या?"

आमच्यात फोन ठेवायला वेळ लागतो.
ठेवू का, ठेव, ठेवते हं, जेवलास ना,
बरं ठेव, आणि ते औषध?
काल कंटाळून तो म्हणाला, "चिअरिओ, आजी!"
तिथं आता हे कुणी म्हणत नाही म्हणे,
ग्रॅहमचा आजा म्हणायचा.

आई गप्प.
मला वाटलं, ऐकलंच नाही.
मग चुलीपुढून बोलावं तसं, कुणाकडेच न बघता,
"येस म्हन आधी."
तिकडून आलं, "येस."
कुठल्या भाषेत, ते सांगता येत नाही.

तिनं फोन मांडीवर उताणा ठेवला, कट न करता.
तिला कट करता येत नाही, की करत नाही,
मी विचारलेलं नाही.
हलमध्ये त्याला बराच वेळ दिसत असणार
आमचा पंखा,
आणि पात्यांच्या वर, कोपऱ्यात, ते जाळं
जे काढायचं माझ्याकडून रोज राहतं.