वाकडा

सकायी टेबलावर ठेवला
तं मोबाईल डुलाले लागला, पायन्यावानी.
हे टोक दाबलं का ते टोक वर.
पोरगी म्हने, बाबा, याचं पोट आलं.

बसलो नाई मी त्याच्यावर.
लाईनमनच्या मांगच्या खिशात पक्कड रायते,
तिथं दुसऱ्या कोनाले जागा नाई.
मोबाईल वरच्या खिशात, छातीजोळ.
अन् मे मईना, दारव्ह्याचं ऊन,
खांबाले हात लावला का हात वापस मागा लागते.

यवतमाळले गेलो. टोकन एकोनतीस.
एसीत बसल्या बसल्या घाम वायला,
शर्टावर मिठाची नदी उमटली.
काउंटरवर पोरगा, बिल्ल्यावर नाव प्रज्योत ढोमणे.
त्यानं मोबाईल काचीवर ठेवला,
एक डोया मिटून पायला
सुतार फळी पायते तसा,
अन् म्हने, "फिजिकल डॅमेज. वॉरंटीत बसत नाही."
म्या म्हनलं, अरे पन तो आपल्या आपन वाकला.
हासला थोडासा.
"काका, आपोआप काही वाकतं का?"

राग नाई, दया नाई.
आवाज मातर ओयखीचा वाटला.

लाडखेडच्या फाट्यावर बस थांबली
कोनाचं तरी बोकड चढवाले,
तवा ध्यानात आलं,
तो माहाच आवाज व्हता.

मार्चमदी, वडगाव.
सुंद्राबाई टेकामचा मीटर, डबी एका बाजूनं पिचकलेली, सील ढिलं.
म्या एक डोया मिटून पायलं
अन् वहीत लिवलं: छेडछाड.
ते म्हने, दादा, दोपारभर ऊन येते जी त्याच्यावर.
थो आपल्या आपन वाकला.
मी हासलो. थोडासाच.

दुसऱ्या खेपेले बिल नेलं,
तं म्हने खोकं आना.
खोक्यात पोरीच्या बांगड्या व्हत्या,
त्या तिच्यासमोर मोजून फडक्यात बांधल्या,
तिसऱ्या खेपेले खोकं नेलं.
त्या दिवशी अमरावतीहून मोठे साहेब आले व्हते.
त्यायनं पाठ उघडली, नुस्तं "अरे" म्हनलं.
बॅटरी फुगली व्हती, पापडावानी.
"बाहेरून नाही, आतून वाकलाय हा."
पोरीनं पैल्याच दिवशी सांगतलं व्हतं,
पन तिच्याजोळ बिल्ला नव्हता.

नवा भेटला. सई केली.
कारन: उत्पादनातील दोष.
जुना त्यायनं ठेवून घेतला, पिशवीत, नंबर टाकून.
ढोमण्याचा पोरगा माह्याकडं न पायता म्हने,
"सॉरी काका. आम्हाला तसंच लिहायला सांगतात."
आमालेबी, म्या म्हनलं.

घरी पोरीनं नवा टेबलावर ठेवला,
बोटानं दाबून पायला.
हालला नाई.
हा मुका हाये, म्हने, अन् खेयाले गेली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता वडगाव.
मीटरच्या डबीवर हात ठेवला,
मनात पाच मोजाचे व्हते,
तीनावर काढून घेतला.
बाईले म्हनलं, दंडाचा अर्ज करा, मी लिवून देतो.
ते म्हने, भरला न जी अठराशे, दोन हप्त्यात.
वापस भेटते का?
मले ठाव नव्हतं. खरं तेच सांगतलं.
मंग ते लय वेळ काई बोल्ली नाई.
गडव्यानं पानी देल्लं.

"ते जाऊ द्या. तिथं वर टिनाचा एक तुकडा
ठोकून देता का? सावली तं होईन."

टिन गोठ्यामांगं सापडला.
खिये तिनंच देल्ले, पदराच्या गाठीतून.
चार व्हते, एक वाकडा.
दगडावर ठेवून, पक्कडीच्या पाठीनं
तो म्या सरका केला, हयू हयू,
अन् पैले तोच ठोकला.