डिंक

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरच्या गोदामांमागे
आमचा छापखाना. मी रात्रपाळीचा प्लेटवाला,
मुश्ताक होडेकर, मुक्काम हर्णै.
ब्लँकेटच्या रबरावर अक्षरं उलटी उमटतात,
तेव्हा अरबीसुद्धा डावीकडून चालू लागते,
मराठीसारखी. वाचता मात्र येत नाही.

चित्रं वाचता येतात.
शेवटच्या पानावर इद्रीस बाबिकरचं रोज एक.
मी प्लेटवर डिंक फिरवायचो, तो बोट लावून वास घ्यायचा,
म्हणायचा, हा आमच्या सुदानातला,
माझी आजी बाभळीला खाचा मारायची.

त्या रात्रीच्या चित्रात एक संपादक टेबलाशी बसलेला,
जीभ बाहेर. जीभ टेबलावरून खाली,
जिना उतरून, रस्ता ओलांडून
थेट मंत्रालयाच्या दारात,
आणि तिथे एक हात तिच्यावर लिफाफे ओले करून
एकेक बंद करतोय.
हाताला चेहरा नव्हता. कफाचं बटण तेवढं होतं.

मशीनवरच्या पौलोसने चहा खाली ठेवला आधी, मग हसला.
म्हणाला, हा आमच्या कोट्टयमचा!
मी म्हटलं, हट्, हा आमच्या तालुक्याचा.
यानेच छापलं होतं जेट्टी भक्कम आहे म्हणून.
दुसऱ्या उधाणाला गेली.

एक वाजून दहा मिनिटांनी फोन.
फोरमनने तो उभ्यानेच ऐकला.
आम्हाला एवढंच म्हणाला, पुसा.

मी जिभेच्या टोकापासून सुरुवात केली.
वेळ लागला. लांब होती.
त्या जागी घड्याळाची जाहिरात गेली,
काटे दहा वाजून दहावर,
सगळ्या जाहिरातींत असतात तसे.

इद्रीस दुसऱ्या दिवशी आला नाही.
तिसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर
राशिभविष्यवाला पोरगा बसला.
कुठे गेला, कुणी विचारलं नाही.
कुणी म्हणजे मीही.

महिनाअखेरीला पगाराच्या पाकिटात
पन्नास दिरहम जास्त निघाले.
मी दोनदा मोजले. चूक नव्हती.
सही केली, मराठीत.

एक खराब ताव मी डब्याखाली घडी करून आणलाय,
पलंगाच्या फळीखाली आहे.
बघत नाही.

शुक्रवारी घरी पत्र लिहिलं.
सगळं ठीक, ड्राफ्ट सोबत, अम्मीचे डोळे दाखवून आण.
लिफाफा बंद करायला जीभ बाहेर काढली
आणि तशीच आत घेतली.
नळाखाली बोट ओलं केलं.