गुरुवारची नोंद

तार्तूहून मार्याची सातवी मेल:
तुमच्या तारा वास घेतात, आमच्या घेत नाहीत.
तेच झिंक, त्याच कंपनीची बाटली,
तेवढंच तापमान, तेवढेच तास.
शर्वाणीने पाठवलेली कृती
आम्ही पोथीसारखी पाळली,
तरी आमच्या तारांना जणू कायमची सर्दी.

एका तारेची जाडी केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढी.
अशा लाखो, नखाएवढ्या काचेवर
नव्या ब्रशासारख्या ताठ.
काम एकच: श्वासातला ॲसिटोन ओळखायचा,
म्हणजे मधुमेहाच्या माणसाचं बोट दर वेळी टोचायला नको.
पाषाणच्या प्रयोगशाळेत पहिली फुंकर मारली कोंढरेमामांनी,
दोन दिवस गोळ्या चुकवून, घरी न सांगता.
आलेख सरसर वर चढला.
शर्वाणी आधी नाचली,
मग मामांवर जाम चिडली.

सहा महिने आम्ही एकेकावर संशय घेतला.
पाण्यावर. हवेच्या दमटपणावर.
मार्याने आमची काच मागवली, आम्ही तिची.
कस्टमच्या साहेबाने डबी उघडून विचारलं, यात आहे काय?
दिसणार नाही, म्हटलं,
तर त्याने डबी आठवडाभर ठेवून घेतली.

आमचा डबा खायच्या वेळी तिकडे नुकतं उजाडायचं.
पडद्यावर तिच्या खिडकीबाहेर बर्फ,
आमच्याकडे पंख्याची घरघर,
आणि मधे तो एकच आलेख, तिकडचा,
झोपलेल्या माणसासारखा आडवा.
निफाडकर सर म्हणाले, कुणाची तरी चूक आहे,
आणि 'कुणाची तरी' म्हणताना शर्वाणीकडे पाहिलं.
त्या रात्री ती बाणेरपर्यंत रडत गेली,
हेल्मेटच्या आत.
(पुण्यात हेल्मेटचा असाही उपयोग.)

भट्टीशेजारी खिळ्याला मामांची वही लटकते.
ती कुणी वाचत नाही.
मीही वाचायला घेतली नव्हती,
तिला बांधलेलं पेन हवं होतं.

'गुरु. १०.४० लाईट गेली. भट्टी उघडली नाही. ४.१५ आली.'
पान उलटलं.
'गुरु. ११.०५ गेली. भट्टी उघडली नाही.'
'गुरु. गेली.'

आमचे वास घेणारे नमुने एकूण चार.
शर्वाणीच्या तारखा, मामांच्या तारखा
शेजारी शेजारी ठेवल्या.
चारही गुरुवार.

जनरेटर आहे, पण तो मायक्रोस्कोपचा मान.
भट्टीला कोण विचारतो?
वीज गेली की तिचा पंखाही गप्प,
मग ती झाकल्या भातासारखी
आपल्या गतीने निवत बसते,
आणि त्या साडेपाच तासांत आतले अणू
हलतात, सरकतात, एकमेकांना जागा करून देतात,
लग्नाच्या टेम्पोतल्या पाहुण्यांसारखे.
तार्तूत वीज जात नाही.
तिकडचा पंखा अर्ध्या तासात सगळं गार करतो.
जो जिथे असेल, तिथेच थिजतो.

आम्ही मार्याला कळवलं.
आठवडा गेला, दुसरा गेला.
मग एक ओळ आली, तीन उद्गारचिन्हं घेऊन,
आणि खाली तिचा आलेख,
उठून बसलेला.

निबंधात 'गुरुवार' लिहिता येत नाही.
तिथे लिहिलं: मिनिटाला दीड अंश, सावकाश.
सरांनी त्यातला 'सावकाश' खोडला.

पण मार्याच्या भट्टीवर आता एक बटण आहे,
त्यावर तिने चिकटपट्टी लावून लिहिलंय, तिच्या लिपीत, गुरुवार.
सोमवारी दाबतात, शनिवारी दाबतात,
तिकडे बर्फात आठवडाभर गुरुवार असतो.

मामांना फोटो दाखवला.
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो बराच वेळ पाहिला.
म्हणाले, बाईंना म्हणावं
बुधवारी रात्रीच पाणी भरून ठेवा.