एकोणपन्नास

कॅसेटवर आमच्या नावांमध्ये एक आडवी रेघ होती.
चारू-नंदू.
लोक विचारायचे, लग्न झालंय का तुमचं?
झालंय, म्हणायचो, वेगवेगळं.
तिचं एका दंतवैद्याशी,
माझं आधी वीज मंडळाशी, मग मीनलशी.

माझ्याकडे एकच कीबोर्ड, हप्त्यावर घेतलेला.
एकोणपन्नास दाबलं की व्हायोलिनं.
गणपतीत, गॅदरिंगला, हडपसरच्या लॉनवर रिसेप्शनला
मी एकोणपन्नास दाबायचो
आणि चारू एक हात वर करून अशी थांबायची
जणू मागे खरंच चाळीस माणसं बसलीयत.
मागे पडदा असायचा.
कधी तोही नसायचा, केटररची पातेली असायची.

आज कॅम्पातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये
ती बसलीयत.
चाळीस नाहीत, एकवीस. पैसे तेवढेच जमले.
साचापीर स्ट्रीटच्या मिस ओलिंडा आणि त्यांच्या पाच विद्यार्थिनी,
खडकीला पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेले हवालदार शेलार,
मांडीवर हॉर्न, झोपलेल्या नातवासारखा.
ओबोवाला मुंबईहून आला,
त्यानं आधी जेवणाची वेळ विचारून घेतली.

सगळं लिहिलंय इरानं. वय सव्वीस.
आमचं ‘सिग्नल सुटेपर्यंत’ तिनं पहिल्यांदा ऐकलं
शाळेच्या व्हॅनमध्ये, उलटी दाबून धरत.
आता तिनं ते निम्म्या लयीत आणलंय.
चारूची पट्टी उतरलीय, थायरॉइडच्या ऑपरेशननंतर.
कुणी काही बोललं नव्हतं,
पण कागदावर ती बरोब्बर तेवढीच उतरवून आली.
चारूनं बघितलं. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

मला ते वाचता येत नाही.
माझ्या कागदावर सुरुवातीलाच एक जाड आडवी रेघ,
वर आकडा.
हे काय?
‘काका, इथे तुम्ही थांबायचं.’
किती?
‘अठ्ठेचाळीस बार.’
म्हटलं, अगं, एवढ्या वेळात लाइट जाऊन येते.

चहाला शेलार म्हणाले,
तुमची ती पेटी आली आणि आमच्या सीझनच्या सुपाऱ्या गेल्या.
हसत म्हणाले.
माझा चहाही त्यांनीच आणून दिला, बिनसाखरेचा,
कुणाला तरी विचारून.

मग इरा हात उचलते
आणि ते होतं
जे एकोणपन्नासमध्ये कधीच नव्हतं.
वाजवण्याआधी सगळे श्वास घेतात.
मिस ओलिंडांची हनुवटी हलते, एक खुर्ची करकरते,
आणि गाणं येतं,
माझंच, पण जिना चढून दमल्यासारखं,
दाराशी चपला काढत.

दुसऱ्या ओळीतली मुलगी जराशी बेसूर आहे.
हॉर्न उशिरा पोचतो.
मला लाज वाटते. त्यांची नाही.
एका बोटानं
मी किती माणसं घरी बसवली होती.

बारा. तेरा. पायाच्या अंगठ्यानं मोजतोय.
एकवीसला चुकलो, तेवीसपासून धरलं.
हातांना काही काम नाही.
तीस वर्षांत पहिल्यांदा मी चारूचं गाणं
नुसतं ऐकतोय.
‘रिक्षा’ म्हणताना ती अजून ‘क्षा’वर रेंगाळते.
हे मी कधी ऐकलंच नव्हतं, मी तेव्हा
पुढचं बटण शोधत असायचो.

तिसऱ्या कडव्याआधी ती हात वर करते,
सवयीनं,
आणि मान वळवून मागे बघते.
आहेत.
तिच्या लक्षात राहत नाही हात खाली घ्यायचं.

चव्वेचाळीस. बोटं पट्ट्यांवर ठेवलीयत, न दाबता.
शेलार हॉर्न उतरवतात,
माझ्याकडे बघून मान हलवतात.
अठ्ठेचाळीस.
बहुतेक.