वरची आणि डावी

अशोक स्तंभाजवळची लॅब, जिना चढून पहिला मजला.
खैरनार सरांनी पहिल्याच दिवशी हातात पिपेट दिली,
काचेची, पोटात पांढरा मणी.
"अर्ध्या खुणेपर्यंत रक्त, मग अकरापर्यंत द्राव.
तोंडाने ओढ. जिभेला लागलं तर थुंक,
पण हात हलू देऊ नको."
लागलंच. आंबट.

मग चौकटींची काच.
चार कोपरे, प्रत्येकात सोळा घरं, आणि एक नियम:
वरच्या आणि डाव्या रेषेला टेकलेली आपली,
खालची, उजवी सोडायची.
नाहीतर एकच पेशी दोनदा जगते, सर म्हणायचे.
बेरीज, गुणिले पन्नास.
मध्येच कुणी विचारलं, "ताई, रिपोर्ट कधी?"
की पुन्हा पहिल्यापासून.

अण्णा नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात.
ते शंभराच्या गड्ड्या मोजायचे,
मी रंगवलेल्या काचेवर शंभर पांढऱ्या पेशी.
जेवताना दोघांचेही अंगठे हलायचे.
"ताटात तरी हिशोब नको," आई म्हणायची.
यंत्र त्यांच्याकडे आधी आलं.
"फर्रर्र. झालं,"
एवढंच सांगून त्यांनी भात कालवला.

आमचं नंतर आलं, मायक्रोवेव्हएवढं.
सुईने थेंबभर रक्त पितं,
एकेक पेशी बारीक भोकातून ढकलतं,
तिने विजेला दिलेला धक्का मोजतं.
मी दीडशे पाहायचे, ते हजारो पाहतं.
खोटं कशाला बोलू,
माझ्याहून बरोबर येतं. मानही दुखत नाही.

परवा अंकिता पगार कागद घेऊन धावत आली.
सिडकोतला मुलगा, ताप,
प्लेटलेट बावीस हजार, आकड्याशेजारी चांदणी.
बाप जिन्यात, फोनवर रक्तपेढ्या शोधत.
मी काच ओढली, रंग दिला, तेलाचा थेंब ठेवला.
सगळ्या घोळक्याने चिकटून बसलेल्या,
नळीतल्या औषधामुळे.
घोळका यंत्राच्या हिशोबात धरला जात नाही.
दुसऱ्या औषधाच्या नळीत रक्त घेतलं, पुन्हा यंत्रालाच दिलं:
एक लाख बेचाळीस हजार.
बाप पायरीवर बसला.
मग उठून त्याने विचारलं, दोनदा पैसे पडतील का?

या महिन्याअखेर मी निवृत्त होते.
चौकटींची काच घरी न्यायची होती,
अंकिताला दिली.
ती भिंगाला डोळा लावून म्हणाली,
"उजव्या रेषेवरच्या सोडायच्या, म्हणजे वाया?"
"नाही गं. त्या शेजारच्या घरात मोजल्या जातात."
"आणि अगदी कडेच्या?"

खाली सिग्नल सुटला होता, रिक्षांचे हॉर्न.
"त्या जातात," मी म्हटलं.