मात्रिज

केप्याच्या मामलेदार कचेरीसमोर
झेरॉक्सवाल्याच्या छपराखाली माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली जुन्या राजपत्राची घडी.
पोर्तुगीज दस्ताचं मराठी करून देतो.
पानाला दीडशे.
अक्षर लागत नसेल तर दोनशे.

गोकुळी वेळीप आज तिसऱ्यांदा आली.
पिशवीतून प्लास्टिक, प्लास्टिकातून रुमाल,
रुमालातून एकोणीसशे चौतीसचा उतारा.
वाळवीने समास खाल्लाय आणि मजकुराशी थांबलीय.
तिलाही कोर्टकचेरीचं भय असावं.

वर ठळक: मात्रिज.

चाळीस वर्षं मी हा शब्द होता तसा ठेवतो.
मात्रिज क्रमांक अमुक, चतुःसीमा तमुक.
वकील तसंच म्हणतात, तलाठी तसंच,
आडनावाचा अर्थ कुणी विचारतं का?
गोकुळीने विचारला.
‘हें कितें? देवीचें नांव?’

आता काय सांगू.
इनासियु मास्तर सेमिनरी अर्धी सोडून आलेले,
माझ्या बापाच्या दुकानातल्या तंबाखूच्या बदल्यात
मला लॅटिन शिकवायचे, पायरीवर बसून.
म्हणायचे, बाबा, आधी हा शब्द गोठ्यातला.
वितीसाठी राखलेली जनावराची मादी.
मग तो बाईच्या पोटात शिरला.
मग कुणी एक कारकून असेल,
माझ्यासारखाच, डुगडुगत्या टेबलाचा,
ज्या वहीतून बाकीच्या वह्या निघतात
तिला म्हणाला: आई.
त्यानंतर वहीच उरली.

थोरल्या इगर्जीला मात्रिज म्हणतात, ते तिला ठाऊक होतं.
माझा मामेभाऊ पणजीला खिळे ओतायचा,
त्याच्या साच्याचं नाव मातृका.
ती झिजली की क्ष आंधळा उमटतो, म्हणायचा,
आणि शिशाने पोळलेली बोटं तोंडात घालायचा.
मुलगा खाणीवर होता, खाणी होत्या तोवर.
ज्या बिननावाच्या दगडात नावाचं खनिज रुतून असतं
तो दगड मॅट्रिक्स.
टिपरने नेऊन ओततात, कुणाच्या तरी शेतात.
नात बारावीला. कंसात आकडे रांगेने बसवते.
मी विचारलं, यात आई कुठे?
म्हणाली, आजोबा, डिटरमिनंट शून्य आला ना,
की मग मागे फिरता येत नाही.

हे सगळं मी गोकुळीला सांगितलं नाही.
म्हटलं, सरकारची वही. जमिनीची.
‘म्हजें नांव खंय?’

तिचं नाव नव्हतं. सासूचं नव्हतं.
मडगावचे एक गृहस्थ होते, चार नावांचे,
आणि जमिनीपुढे: इन्कुल्तु. पडीक.
तिच्या आजेसासूने त्याच डोंगरावर
नाचणी पेरली होती, कुमेरी जाळून,
असं ती सांगते. कागद सांगत नाही.
मी कागदाचे पैसे घेतो.

अर्जावर रकाना: शिक्षण.
मी सवयीने लिहिलं, नॉन-मॅट्रिक.
आणि पेन तिथेच थांबलं.
हेही त्याच शब्दाचं पिल्लू, मास्तर म्हणाले असते,
धाकटी वही, हजेरीपट.
जिने सात बाळंतपणं काढली
तिच्यापुढे मी लिहिलं होतं की ही आई नाही,
धाकटीसुद्धा नाही.
खोडलं. खाडाखोडीचा अर्ज घेत नाहीत.
दुसरा फॉर्म आणला, पाच रुपये माझे.
तिथे ‘शून्य’ लिहिलं, तेही बरं दिसेना.

अंगठा देताना पाहिलं, नख काळंठिक्कर.
काजूची डबी ओढताना दगड पडला म्हणाली.
रुमालात कुडचड्याच्या डॉक्टरची चिठ्ठीही होती,
ती माझ्याकडूनच वाचून घेतली:
नेल मॅट्रिक्स शाबूत.
म्हणजे काय, तिने विचारलं नाही.
चवथीपर्यंत नवं येईल, एवढं तिला माहीत होतं.

अंगठ्याची पुढची बाजू कागदावर उमटली.
मागची कुठे घेत नाहीत.

अनुवादात मी शब्द तसाच ठेवला.
मात्रिज.
दीडशे दिले तिने, सुटे, मोजून.
मग दुमडलेल्या राजपत्राकडे बघत म्हणाली,
टेबल हलतं तुझं.